पहारेकऱ्याची थाळी

ज्या घरात डुक्कर कापायच्या दिवशी भांडण होतं, त्या घरचं मांस कितीही मीठ चोळलं तरी नासतं, असं एर्मेलिंडा आत्या दर वर्षी सगळ्यांना बजावायची, आणि दर वर्षी पहिलं भांडण तीच उकरून काढायची. मीठ कमी आणलंय, सुरीला धार नाही, शेजारच्या बायका उशिरा उगवल्या. तिला कारण पुरायचं. या वर्षी मात्र तिच्याआधीच दोघं जण भांडत होते. तेही गोठ्यामागे, आवाज न चढवता, आणि ते तिच्या कानावर गेलं नाही हे सगळ्यांचं नशीब.

लिओनिल्दला ते दिसत होतं, पण जागचं हलता येत नव्हतं. तिच्या पुढ्यात मातीचं मोठं भांडं, भांड्यात गरम रक्त आणि व्हिनेगर, आणि त्यात कोपरापर्यंत बुडालेला तिचा उजवा हात. ढवळणं थांबलं की रक्त गोठतं, आणि मग वर्षभराच्या सॉसेजांवर पाणी. तेव्हा ती हात गोल फिरवत राहिली आणि डोळे गोठ्यावर लावून बसली. तिकडे तिचे दोन्ही भाऊ समोरासमोर उभे होते. गास्पार पोर्तुगीज सैन्यात कॅप्टन, समुद्रापारच्या गिनी वसाहतीतल्या लढाईतून रजेवर आलेला. आणि तोमे, शेंडेफळ. आई गेली तेव्हा तो बोबडं बोलत होता. त्याला न्हाऊमाखू घालून लिओनिल्दनेच वाढवलं होतं.

तोमे तरातरा निघून गेला. गास्पार थेट तिच्याकडे आला आणि उकिडवा बसला.

"ताई, हे डोकं कुणाचं? तुझं की त्याचं?"

"कसलं डोकं?"

"वेड पांघरू नकोस. दुपारी पहारेकरी आपल्याकडे जेवायला बसले की हा पाणचक्कीजवळच्या उतारावरून ओढा ओलांडणार. पलीकडे कोणी स्पॅनिश माणूस खेचर घेऊन उभा राहणार. तिथून फ्रान्स. सगळं सांगून मोकळा झाला तो मला. वर म्हणतो, दादा, तू पण चल!"

लिओनिल्दने अंगणापलीकडे नजर टाकली. बाबा चार पुरुषांबरोबर पेटत्या पेंढीने डुकराचे केस जाळत होते, धुरात खोकत, हुकूम सोडत. तिचे बाबा बेलार्मिनु म्हणजे या गावचे सरकारी कारभारी. सरहद्दीवरच्या या खेड्यात सरकार कसं दिसतं असं कुणी विचारलं, तर लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे.

"हळू बोल," ती म्हणाली. "डोकं माझंच. कोइंब्राला संप केला म्हणून कॉलेजातून काढलं त्याला. लगेच सैन्याचं बोलावणं. सोमवारी हजर व्हायचंय. आणि सोमवारनंतर कुठे, ते तुला माहीत आहे."

"गिनीत. माझ्याकडे." गास्पार कडवट हसला. "ताई, माझ्या हाताखाली याच वयाची पोरं आहेत. मिशी न फुटलेली. त्यांना काय ताया नाहीत? एक पळाला की त्याच्या जागी दुसऱ्याला उचलतात."

"मग तोही पळू दे."

"आणि उरलेल्यांना मी काय सांगू? माझा भाऊ पॅरिसमध्ये भिंती बांधतोय, तुम्ही मरा?"

"तुझं काय ते तू बघ. मी एक दिलाय. दुसरा देणार नाही."

बारा वर्षं काळ्या कपड्यांत वावरणाऱ्या बहिणीला कोण काय बोलणार? अंगोलाची लढाई पेटली त्या वर्षी तिचा नवरा आमान्दिओ असाच निघाला होता, याच उतारावरून. बाबांना सुगावा लागला. ते स्वतः ओढ्यावर गेले, मारलं नाही की शिवी दिली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवून त्याला घरी परत घेऊन आले. 'आपल्या घरचा माणूस पाठ दाखवत नाही, बाळा,' म्हणाले. आमान्दिओ गेला आणि तिकडेच मातीत राहिला. बाप आणि लेक एकाच छपराखाली राहत होते, एकाच चुलीवरचं खात होते, पण त्या दिवसानंतर या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"मी त्याला मदत करणार नाही," गास्पार उठत म्हणाला. "हे ऐकून ठेव. उलट मीच जाऊन मानगूट धरून परत आणेन की काय, माझा मलाच भरवसा नाही."

लिओनिल्दच्या हाताला रक्ताचा एक धागा लागला. तिने तो चिमटीत धरून बाहेर फेकला आणि पुन्हा ढवळायला लागली.

दुपारी ती कोठारात शिरली तेव्हा तोमे दोन स्वेटर आणि वर कोट घालून पोत्यांच्या मागे बसला होता. पिशवी तिने त्याच्या हातून ओढून घेतली, उघडली आणि कपाळाला हात लावला. आत पुस्तकं, पुस्तकं आणि एक मोजा.

"अरे गाढवा, दुसरा मोजा कुठाय?"

"ताई, ती पुस्तकं इथे सापडली तर तुम्हाला..."

"जाळीन मी. पुरुषांनी डुकराचे केस जाळले, त्याच राखेत टाकीन." ती एकेक पुस्तक बाहेर काढून राईची भाकरी, उकडलेलं अंडं, चेस्टनट भरायला लागली. "उपाशीपोटी क्रांती होते असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

तोमे हसला, मग त्याचं हसू विरलं. "दादा बरोबर म्हणाला का गं? मी भित्रा आहे का?"

गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत ती सूत कातायला बसली की तो तिला त्याच पुस्तकांतलं वाचून दाखवायचा. तिला सगळं कळायचं नाही. एवढं मात्र कळलं होतं, की तिच्या नवऱ्याचं मरण म्हणजे देवाची मर्जी नव्हती. ते कुणीतरी, कुठेतरी, कोरडे कपडे घालून ठरवलं होतं. हे एकदा कळल्यावर तिला पूर्वीसारखं चर्चमध्ये गुडघे टेकता येईना.

"भित्रा असतास तर सोमवारी मुकाट्याने गेला असतास," ती म्हणाली. "वाड्यात भांड्यांचा आवाज सुरू झाला, की सगळे जेवायला बसले असं समज. मग मागच्या भिंतीवरून उतर आणि निघ. मागे वळून बघू नकोस. बघितलंस तर मला रडू येईल आणि आत्या लगेच विचारेल."

त्याने तिला मिठी मारली. तिच्या हातांना अजून कांदा-लसणाचा वास येत होता. ती आधी बाहेर पडली.

डुकराच्या दिवशी सरहद्दीच्या पहारेकऱ्यांना जेवायला बोलवायचं, ही बेलार्मिनुंच्या घरची जुनी रीत. हवालदार सराइव्हा सकाळपासून उपाशी राहून यायचा आणि ते लपवायचाही नाही. आजही तो आपल्या एका शिपायाला घेऊन आला, टोपी खुंटीला अडकवली, आणि तळलेल्या काळजाचा वास छातीत भरून घेत बसला. टेबलाच्या टोकाला बाबा, त्यांच्यामागे भिंतीवर जुन्या पंतप्रधानांची तसबीर. बाबांच्या उजव्या हाताला हवालदार, समोर गास्पार. लिओनिल्द वाढत होती आणि कान मागच्या भिंतीकडे लावून होती. तिकडून कुणी हटकल्याचा आवाज आला नाही. म्हणजे तो निघाला.

"काय कॅप्टनसाहेब," सराइव्हा तोंड भरून म्हणाला, "गिनीत असं काळीज मिळतं का? का तिकडे माकडंच खाता?"

"मिळेल ते खातो."

"आणि ते जंगलातले बंडखोर? चोपताय ना त्यांना?"

गास्पारने पाव मोडला. "मागल्या पावसाळ्यात आम्ही जंगलात एक शाळा पकडली. पानांचं छप्पर, फळ्याच्या जागी रंगवलेलं दार. मास्तर पळाला नाही. त्याला विचारलं, बाबा रे, तू कशासाठी लढतोस? त्याने तासभर सांगितलं, आणि तेही शुद्ध पोर्तुगीजमध्ये. मग त्याने मला विचारलं, तुम्ही कशासाठी लढता?"

"मग? काय सांगितलंत?"

"त्याला बांधून पुढे पाठवून दिलं. उत्तर असतं तर दिलं असतं."

शिपाई हसणार होता, पण हवालदाराकडे बघून त्याने हसू गिळलं. सराइव्हाचा काटा हवेतच थांबला होता.

"गास्पार," बाबा म्हणाले, "जेवताना राजकारण नको."

"राजकारण नाही, बाबा, माझ्या पेशाची गोष्ट आहे. गोवा गेला तेव्हा काय झालं आठवतंय? तिथल्या मूठभर फौजेला हुकूम सुटला, शेवटच्या माणसापर्यंत मरा. ते मेले नाहीत, कारण मरून काही होणार नव्हतं. कैदेतून सुटून आले तेव्हा बोटीतून चोरासारखं उतरवलं त्यांना. अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, अब्रू गेली. सरकारचा एक केस वाकडा झाला नाही. आता गिनीत तेच होणार. लढाई हरली की खापर आमच्या माथी."

"हरली?" सराइव्हा म्हणाला. "अधिकाऱ्याच्या तोंडी हा शब्द?"

"हवालदार, आमच्या घरात आधी काळीज संपवतात, मग भांडतात," बाबांनी त्याच्या पेल्यात वाईन ओतली. हात स्थिर होता, पण कानाची पाळी लाल झाली होती, आणि ती कधी लाल होते हे लिओनिल्दला माहीत होतं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या बाहेर आली. तिच्या हातात फडक्याने झाकलेली थाळी होती.

"आणि तोमे कुठे मेला? पुलावरच्या पोराची थाळी गार होतेय!"

लिओनिल्दने वाटाड्या ठरवला, खेचर ठरवलं, मोजे ठरवले, आणि ही थाळी ती साफ विसरली. पुलावर पहाऱ्याला राहिलेल्या माणसाची थाळी घरच्या शेंडेफळाने पोचवायची असते. ती पोचल्याशिवाय घरधन्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. तोमे चालायला लागल्यापासून दर वर्षी नेत आला होता. लहानपणी वाटेत निम्मं खाऊन टाकायचा म्हणून एकदा मारही खाल्ला होता. इतकं अंगवळणी पडलेलं, की ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"तो माळ्यावर झोपलाय," लिओनिल्द म्हणाली. "डोकं धरलंय त्याचं."

"माळ्यावर? मी आत्ताच कांदे घेऊन आले की वरून. मांजर सोडून कुणी नाही तिथे."

सराइव्हाने मिशीवरची चरबी रुमालाने पुसली, सावकाश, एकेका बाजूने. तो खादाड होता, पण मूर्ख नव्हता.

"सोमवारी हजर व्हायचंय ना त्याला?" त्याने बाबांना विचारलं.

"हो."

"थाळी मीच नेतो मग. तसंही एक फेरी मारायला हवी. पाणचक्कीपर्यंत."

बाबांनी लिओनिल्दकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिलाही कळावं, एवढा वेळ ते बघत राहिले. तिला वाटलं, आता हे उठतील. कोट चढवतील, ओढ्यावर जातील, तोमेच्या खांद्यावर हात ठेवतील. बाळा म्हणतील. ती जाऊन दाराशी उभी राहिली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पण उठला होता गास्पार.

"थाळी मी नेतो."

"तुम्ही?" सराइव्हा खो-खो हसला. "कॅप्टनसाहेब, तुम्ही माझ्या शिपायाला वाढायला गेलात तर पोरगा सलाम ठोकता ठोकता ओढ्यात पडेल!"

"तोमे नाही तर त्याच्या वरचा मी. रीत आहे घरची." त्याने आत्याच्या हातून थाळी घेतली. लिओनिल्द दाराशीच उभी होती. तो तिच्या अंगाला घासून गेला, पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सकाळचे शब्द तिच्या कानांत जसेच्या तसे होते: मानगूट धरून परत आणेन. हा पोराला वाचवायला चाललाय की आणायला?

सराइव्हाही उठायला लागला. "चला, मी येतोच बरोबर..."

"बस, सराइव्हा," बाबा म्हणाले.

"नाही, कर्तव्य म्हणजे..."

"माझा मुलगा सोमवारी देशासाठी जातोय. त्याच्या नावाने एक पेला घेणार नाहीस माझ्या घरात?"

आता याला नाही कसं म्हणायचं? सराइव्हा बसला. बाबांनी पेले भरले. एक पेला तोमेच्या नावाने झाला. मग सैन्याच्या नावाने. मग झेंड्याच्या, आणि झेंड्यासाठी पिताना घाई केली तर बरं दिसत नाही, म्हणून सराइव्हाला तो थेंबाथेंबाने संपवावा लागला. बाबांनी त्याला झेंड्यावर एक भाषणही ऐकवलं. दर दहा जूनला, राष्ट्रीय दिनाला, शाळेसमोर द्यायचे तेच, सबंध. लिओनिल्दने ते आयुष्यात पहिल्यांदाच मन लावून ऐकलं. संपू नये असं तिला वाटत होतं.

पण ते संपलं. सराइव्हा खुंटीकडे बघायला लागला.

"आणखी एक," बाबा म्हणाले. ते उठून उभे राहिले, म्हणून सगळ्यांना उभं राहावं लागलं. "जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी. आमान्दिओसाठी."

आत्याने छातीवर क्रूस काढला. लिओनिल्द हलली नाही. बारा वर्षांत ते नाव बापाच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि निघालं ते असं, हवालदाराला अडवून धरायला. तिला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

"तो पळून चालला होता," बाबा म्हणाले. ते सराइव्हाकडे बघत होते, पण बोलत कुणाशी होते हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. "मी परत आणला. मला वाटलं होतं, मी त्याची इज्जत वाचवतोय."

मेलेल्या माणसाचा पेला कुणी घाईने संपवत नाही. सराइव्हाने मान खाली घातली आणि सावकाश प्यायला.

दार उघडून गास्पार आत आला. थाळी रिकामी होती. ती त्याने आत्यासमोर ठेवली.

"पोरगं उपाशी होतं गं. चाटूनपुसून खाल्लं. मी पुलाच्या कठड्यावर बसवून ठेवलं त्याला, गिनीच्या गप्पा सांगत. घाबरून एकदाही मान वर केली नाही त्याने." मग तो हात धुवायला लिओनिल्दजवळ आला. तिने तांब्यातून पाणी घातलं. "ओढ्याला आज पाणी फार नाही," तो हलकेच म्हणाला. "घोट्यापर्यंतच. खेचर पांढरं होतं."

तोमे पार झाला होता.

सराइव्हा गेला, पण जाताना तो बाबांना म्हणाला, "बेलार्मिनु, सोमवारी पोरगा हजर झाला नाही तर मला लिहावं लागेल. आजचं जेवणही त्यात येईल. कुणी कुठली थाळी नेली, तेही."

"लिही," बाबा म्हणाले. "नीट लिही. मीही तालुक्याला जाऊन सांगणारच आहे. माझ्या घरातली गोष्ट माझ्या तोंडून जाऊ दे."

उन्हं उतरली. अंगणात डुक्कर शिडीला उलटं टांगलेलं होतं, पोटात काठी घालून उघडं केलेलं, थंडीत घट्ट व्हायला. बाबा त्याच्यापाशी उभे राहून उगाच बोटाने चरबी दाबून बघत होते. गास्पार आणि लिओनिल्द जवळ गेले, तरी ते वळले नाहीत.

"मला वाटलं होतं, तू त्याला परत आणशील," बाबा गास्पारला म्हणाले.

"मलाही वाटलं होतं. उतारापर्यंत त्याच विचारात गेलो. तो पाण्यात उतरत होता, बूट हातात घेऊन. मला बघून थांबला. पळाला नाही, नुसता उभा राहिला. बाबा, तो तुमच्यासारखा उभा राहतो, एक खांदा खाली टाकून. मी हातानेच खूण केली, जा म्हणून. आणि थाळी घेऊन पुलाकडे वळलो."

बाबांनी डुकराच्या पोटातली काठी सरळ केली.

"तुम्ही कॅप्टन लोक जमता म्हणे," बाबा म्हणाले. "शेतावर जेवणं करता. कानावर येतं माझ्या. काय चालतं तिथे?"

गास्पारने लिओनिल्दकडे पाहिलं. ती मान हलवून नाही म्हणाली. हा बाप असला तरी कारभारी आहे, असं तिला म्हणायचं होतं. गास्पारने ऐकलं नाही.

"सुरुवात बढतीवरून झाली. खोटं कशाला बोलू? चार महिने शिकून आलेल्यांना आमच्या डोक्यावर बसवायला निघाले, म्हणून चिडून जमलो. पण एकदा तोंडं उघडली की कुठे थांबतात? बढतीवरून लढाईवर आलो. लढाई का संपत नाही? तर ज्यांना ती संपवता येते, त्यांची पोरं तिथे नाहीत. मग आपणच..." तो थांबला. "लढाई संपवायची तर ती चालवणाऱ्यांना खाली ओढावं लागेल, बाबा. लिस्बनमध्ये. आणि बंदुका आमच्याच हातात आहेत."

एवढं बोलणं गुप्त पोलिसांच्या कानावर गेलं तर भाऊ आयुष्यातून उठला असता. आणि ऐकणारा सकाळपर्यंत त्याच सरकारचा माणूस होता, त्या सरकारसाठी त्याने जावयाचाही बळी दिलेला होता.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"ते सांगणार नाही."

"बरोबर. सांगू नकोस." त्यांनी चरबीचं बोट विजारीला पुसलं. "मग माझ्यासारख्यांचं काय करणार?"

"तुमचं काम काढून घेणार."

"आणि?"

"माहीत नाही, बाबा. काहींना आत टाकतील. आईची शपथ, मला माहीत नाही."

बाबांनी मान डोलावली. ते रागावलेले नव्हते. बाजारात भाव ऐकून घ्यावा तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा ते वळले आणि आपल्या मुलाकडे, त्याच्या रजेवरच्या साध्या कोटाकडे, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"मला न्यायला कुणीतरी येईल त्या दिवशी," ते म्हणाले. "तू ये. अनोळखी पोरांना पाठवू नकोस. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं निघेल."

"बाबा..."

"येशील की नाही, एवढंच सांग."

गास्पारच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्याने पुसलं नाही. "येईन. मीच येईन."

लिओनिल्दने बापाचा हात धरला. बारा वर्षांत पहिल्यांदाच. हात चरबीने निसरडा आणि बर्फासारखा गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"दुपारचा ये," बाबा म्हणाले. "जेवून मग निघू."